ससेहोलपट टाळण्यासाठी : प्राणी असलेल्या घरात सशाची निवड

मराठीत ‘ससेहोलपट’ हा एक बोलका शब्द आहे. कार्यालयीन कागदपत्रांसाठी चार टेबलांवर हेलपाटे घालावे लागले, तरी आपण हा शब्द सहज वापरतो. त्याच्या मुळाशी मात्र शिकारी कुत्र्यांपुढे जीव मुठीत धरून वाट फुटेल तिकडे धावणारा ससा आहे. कुत्रा आणि ससा यांचे नाते आपल्या भाषेने असे एका शब्दात नोंदवून ठेवले आहे. तरीही कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरात ससा आणताना ही नोंद आपल्याला आठवत नाही, हे नवल होय.

प्रस्तुत लेखकालाही ती आठवली नव्हती. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी बदलीनिमित्त आम्ही इंदूरला होतो. कन्येच्या वाढदिवसासाठी एका दुकानातून मुठीत मावेल एवढे पांढरे पिल्लू आणले. घरात सहा वर्षांचा गावठी कुत्रा होता. स्वभावाने अत्यंत गरीब. त्याने कधी कोणाला चावल्याचे ऐकिवात नव्हते. पिल्लाचा पिंजरा दिवाणखान्यात ठेवला आणि कुत्रा त्याच्यासमोर तासन् तास बसून राहू लागला. ‘पाहा, कशी राखण करतो आहे!’ असे म्हणून आम्ही त्याचे कौतुक केले. तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले आणि चौथ्या दिवशी सकाळी ते निपचित पडलेले आढळले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पशुवैद्यांनी सर्व हकिकत ऐकून घेतली आणि सांगितले, ‘कुत्र्याने तोंड लावले नाही हे खरे, पण पिल्लाला तीन दिवस त्याच्या नजरेसमोरून हलताही आले नाही. भीतीने त्याचे आतडे थांबले.’

त्या पिल्लाची निवड करताना आम्ही त्याचे रंगरूप पाहिले होते, आपले घर पाहिले नव्हते. ज्या घरात आधीच प्राणी आहेत, तेथे सशाच्या निवडीला सशापासून नव्हे, तर घरापासून सुरुवात करावयास हवी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

शब्द एक, प्राणी दोन

प्रथम एक संभ्रम दूर करणे इष्ट ठरेल. माळरानावर व शेतांत दिसणारा करड्या-तपकिरी रंगाचा रानससा आणि घरात पाळला जाणारा ससा हे दोन भिन्न प्राणी आहेत. आपण दोघांनाही ‘ससा’ म्हणतो एवढेच. पाळीव ससा मूळचा युरोपातील, स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतील. तो जमिनीत बिळे करून समूहाने राहणाऱ्या प्राण्याचा वंशज आहे. त्याची पिल्ले जन्मतः उघडी व मिटल्या डोळ्यांची असतात. रानसशाची पिल्ले मात्र जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असून तो एकटा, उघड्यावर राहतो. या दोघांचा संकर होत नाही.

हा भेद केवळ ज्ञानासाठी नाही. पिकाच्या कापणीच्या वेळी शेतात एखादे ‘अनाथ’ पिल्लू सापडले म्हणून ते घरी आणले जाते. वास्तविक ते अनाथ नसते. रानसशाची मादी पिल्लांना दिवसभर गवतात लपवून ठेवते आणि साधारणपणे अंधार पडल्यावर दूध पाजावयास येते. शिवाय रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्याला घरात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून असे पिल्लू आढळल्यास त्याला असेल तेथेच राहू द्यावे. पुढील सर्व विवेचन पाळीव सशापुरते आहे.

भीतीचे शरीरशास्त्र

आपण भित्र्या माणसाला ‘सशाच्या काळजाचा’ म्हणतो आणि त्यात थोडी थट्टा असते. सशाच्या बाबतीत मात्र भीती हा दुर्गुण नव्हे. ते त्याचे संरक्षणाचे साधन आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. नेमके नाकापुढचे तेवढे दिसत नाही. मागील पायांत प्रचंड शक्ती असते, पण हाडांचा सांगाडा अतिशय हलका असतो. घाबरलेला ससा चुकीच्या पद्धतीने उचलला गेला, तर स्वतःच्याच लाथेच्या जोराने त्याचा मणका मोडू शकतो.

त्याहून नाजूक असते ती त्याची पचनसंस्था. सशाला उलटी होत नाही. गवतातील तंतुमय भाग आतड्यातून सतत पुढे सरकत राहणे हीच त्याच्या जीवनाची लय होय. अंधनाल नावाच्या भागात सूक्ष्मजीव अन्न आंबवितात आणि त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. पाहणाऱ्याला हे किळसवाणे वाटले, तरी त्यातूनच त्याला आवश्यक पोषण मिळते. भय, वेदना किंवा चुकीचा आहार यांपैकी कशानेही ही हालचाल मंदावली, तर खाणे बंद होते आणि खाणे बंद झाले की हालचाल अधिकच मंदावते. सुमारे बारा तास ससा काही खात नसेल, तर ती पशुवैद्यांकडे तातडीने नेण्याची वेळ आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट. ज्याची शिकार होते तो प्राणी आपले दुखणे लपवितो, कारण रानात दुबळा दिसणारा आधी मारला जातो. कुत्रा केकाटतो, मांजर ओरडते. ससा गप्प बसतो. आमच्या घरातील ते पिल्लू तीन दिवस ‘शांत’ आहे असे आम्हांला वाटले होते. ती शांतता नव्हती.

आधी घरातील प्राण्यांची परीक्षा

कुत्रा : कुत्र्याचा जन्मजात कल हा येथे सर्वांत महत्त्वाचा. मुधोळ, कारवान, राजापालयम यांसारख्या आपल्याकडील शिकारी जाती धावत्या प्राण्याचा पाठलाग करण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडल्या गेल्या आहेत. बीगल ही जात तर सशांच्या वासावर माग काढण्यासाठीच जोपासली गेली. टेरियर व डॅशहंड हेही बिळातील प्राण्यांचे शिकारी. अशा कुत्र्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या घरात ससा आणणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. लॅब्रेडॉरसारख्या जाती तुलनेने सौम्य मानल्या जातात, तरी जातीपेक्षा त्या विशिष्ट कुत्र्याचे वर्तन अधिक सांगते. फिरावयास नेले असता तो खारीमागे, मांजरामागे किंवा कोंबडीमागे झेपावतो का? ‘थांब’, ‘बस’, ‘सोड’ या आज्ञा तो उत्तेजित अवस्थेतही पाळतो का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर विचार येथेच थांबवावा. कुत्र्याचे पिल्लू असल्यास ते मोठे व शिस्तबद्ध होईपर्यंत वाट पाहावी. त्याला केवळ खेळायचे असते, पण सशाला खेळ आणि पाठलाग यांतील फरक कळत नाही.

मांजर : मांजराची शिकार साधारणतः उंदीर-चिमणी या आकाराची असते. त्यामुळे सशाच्या छोट्या पिल्लाला मांजराचा मोठा धोका असतो. याउलट, दोन-अडीच किलो वजनाच्या प्रौढ सशापुढे बहुतेक घरगुती मांजरे दबकून राहतात; क्वचित ससाच त्यांच्यावर अधिकार गाजवितो. मात्र मांजराच्या दातांत व नखांत पाश्चुरेलासारखे जंतू असतात. छोटासा ओरखडाही सशाला घातक ठरू शकतो. म्हणून मांजराची नखे वेळोवेळी कापावीत आणि ओरखडा दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे.

गिनीपिग : ‘दोघेही छोटे, दोघेही गवत खाणारे, एकाच पिंजऱ्यात राहतील’ हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. सशाच्या श्वसनमार्गात बोर्डेटेला नावाचे जंतू कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकतात. तेच गिनीपिगला न्यूमोनिया करतात. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते आहारातून द्यावे लागते. सशाला तशी गरज नसते. शिवाय सशाची एक लाथ गिनीपिगला जायबंदी करू शकते. दोघांना स्वतंत्र जागा द्यावी.

पक्षी व मासे : मत्स्यपेटीचा सशाला काही त्रास नाही, वायर तेवढी त्याच्या दातांपासून दूर ठेवावी. पिंजऱ्यातील बजरीगर पक्षी, ज्यांना आपण ‘लव्हबर्ड’ म्हणतो, त्यांचा पिंजरा उंचावर ठेवावा. खाली सांडणारे दाणे सशाच्या पचनास अयोग्य असतात. येथे ओघाने सांगावयास हवे, की आपला कंठवाला हिरवा पोपट पाळणेही वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे.

घरातील कुत्र्या-मांजरांचे रेबीजविरोधी लसीकरण पूर्ण असणे ही तर पूर्वअटच समजावी.

ससा कोणता निवडावा?

घर या परीक्षेत उतरले, तरच पुढचा प्रश्न येतो. दुकानात आपले लक्ष सर्वांत छोट्या, सर्वांत गोंडस पिल्लाकडे जाते. प्राणी असलेल्या घरासाठी नेमकी हीच निवड सर्वांत धोक्याची आहे.

वय : आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू मुळीच आणू नये. त्याची पचनसंस्था तोवर स्थिर झालेली नसते. दुकानांतून अनेकदा त्याहून लहान पिल्ले विकली जातात आणि ती घरी येऊन काही दिवसांतच दगावतात. कुत्रा-मांजर असलेल्या घरासाठी एक वर्षाहून मोठा, प्रौढ ससा श्रेयस्कर. त्याचा स्वभाव ठरलेला असतो. तो भित्रा आहे की धीट, हे आणण्यापूर्वीच कळते. ‘मोठा ससा माणसाळत नाही’ ही भीती अनाठायी आहे. पाळीव ससा नीट सांभाळल्यास आठ ते बारा वर्षे जगतो. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या सशासमोरही दीर्घ आयुष्य असते.

आकार व जात : आपल्याकडे सर्वाधिक आढळतो तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा न्यूझीलंड व्हाइट किंवा त्याचा संकर. पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन चार-पाच किलोपर्यंत जाते. हा आकार मांजराच्या संदर्भात लाभाचा आहे आणि स्वभावानेही ही जात शांत मानली जाते. लाल डोळ्यांच्या सशांची दृष्टी मात्र किंचित अधू असते. त्यांच्याजवळ जाताना आधी आवाज द्यावा. दोन रंगांचा डच ससा मध्यम आकाराचा असतो. जेमतेम किलोभर वजनाच्या बुटक्या जाती दिसावयास मोहक, पण मोठ्या प्राण्यांच्या घरात असुरक्षित. लांब लोकरीच्या अंगोरा सशाची निगा हे रोजचे काम आहे. हिमाचल प्रदेशात कुलू खोऱ्यातील गारसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि तेथे अंगोरा सशांवर काम चालते. त्या थंड हवेतील प्राण्याला नागपूर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात आणणे योग्य नव्हे.

नर की मादी : लहान पिल्लांचे लिंग ओळखणे कठीण असते आणि विक्रेत्याचे सांगणे अनेकदा चुकते. ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीला महिन्याभरात पिल्ले झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. सशाचा गर्भकाळ अवघा तीस ते बत्तीस दिवसांचा असतो आणि पिल्ले झाल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. यावर उपाय म्हणजे निर्बीजीकरण. त्यामुळे नराचे मूत्र शिंपडणे व आक्रमकता कमी होते. मादीच्या बाबतीत तर ही शस्त्रक्रिया गर्भाशयाच्या कर्करोगापासून संरक्षण देते. वय वाढत गेलेल्या, शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अगोदरच निर्बीजीकरण झालेला प्रौढ ससा मिळाल्यास त्याहून चांगली निवड नाही. शस्त्रक्रियेनंतर नराला काही आठवडे मादीपासून वेगळे ठेवावे, कारण तेवढा काळ तो प्रजननक्षम राहू शकतो.

एक की दोन : ससा कळपात राहणारा प्राणी आहे. कुत्र्या-मांजराचा सहवास त्याच्या जातभाईची जागा घेत नाही. जागा व ऐपत असल्यास एकमेकांशी आधीच जुळलेली, निर्बीजीकरण केलेली नर-मादीची जोडी आणावी. दोन अनोळखी ससे एकदम एकत्र सोडल्यास ते जीवघेणे भांडू शकतात.

कोठून : प्राणी कल्याणाचे काम करणाऱ्या संस्थांकडे किंवा बदलीमुळे, अडचणीमुळे ससा देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांकडे प्रथम चौकशी करावी. दुकानातूनच घ्यावयाचा असल्यास ते राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारावे. २०१८ च्या नियमांनुसार ही नोंदणी बंधनकारक आहे. ससा हाती घेऊन पाहावा. डोळे स्वच्छ, नाक कोरडे, कानांच्या आत खपल्या नाहीत, वरचे दात खालच्या दातांवर नीट बसलेले, शेपटीखालचा भाग कोरडा, पुढच्या पंजांची आतली बाजू स्वच्छ असावी. नाक गळत असेल, तर ससा ते पंजांनीच पुसतो आणि तेथील केस चिकट होतात. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय.

ओळख करून देण्याची रीत

नवा ससा घरी आल्यावर त्याला पहिले आठ-दहा दिवस स्वतंत्र, दार बंद होणाऱ्या खोलीत ठेवावे. पिंजरा असल्यास त्याचा तळ जाळीचा नसावा, कारण जाळीने तळपाय सोलवटतात. लपण्यासाठी दोन तोंडांचे खोके असावे, म्हणजे आत कोंडले गेल्याची भावना होत नाही. या काळात कुत्र्याच्या अंथरुणाचा तुकडा सशाच्या खोलीत आणि सशाचा कुत्र्याजवळ ठेवावा. प्राण्यांची पहिली ओळख वासाने होते.

ससा मोकळेपणाने खाऊ-फिरू लागला, की दारात भक्कम जाळी लावून दोघांना एकमेकांचे दर्शन घडवावे. तेही पाच मिनिटांसाठी, कुत्र्याचे फिरणे व जेवण झालेले असताना. कुत्रा साखळीत व घरातील जबाबदार व्यक्तीच्या हाती असावा. तो बाजूला पाहू लागला, आडवा पडला, की कौतुक करून खाऊ द्यावा. त्याची नजर खिळली, अंग ताठ झाले, तो थरथरू किंवा कुंईकुंई करू लागला, तर भेट संपवावी. ही राखण नव्हे. ही शिकारीची पूर्वतयारी आहे. आम्हांला हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

सशाकडेही पाहावे. तो मागचा पाय जमिनीवर आपटत असेल, अंग चोरून डोळे विस्फारून बसला असेल, तर तो घाबरला आहे. तो अंग पसरून बसला, तोंड धुऊ लागला, गवत चघळू लागला, तर त्याला सुरक्षित वाटते आहे. ही पायरी काही आठवड्यांचीही असू शकते. घाई करू नये. आणि सर्व काही सुरळीत झाल्यावरही एक नियम कायमचा : घरात मोठे माणूस नसताना ससा आणि कुत्रा-मांजर एका खोलीत मोकळे ठेवू नयेत. सशाची एक उडी, एक अनपेक्षित धाव, आणि वर्षानुवर्षे शांत असलेल्या कुत्र्याची उपजत प्रेरणा जागी होऊ शकते.

दिवसाअखेरचा हिशेब

आपल्या शाखेत दिवसाअखेरीस रोकड जुळविल्याशिवाय कोणी घरी जात नाही. सशाच्या बाबतीतही असाच एक रोजचा ताळेबंद आहे : त्याने किती खाल्ले आणि लेंड्या किती टाकल्या. गोल, कोरड्या, साधारण एका आकाराच्या भरपूर लेंड्या म्हणजे खाते व्यवस्थित. त्या लहान, थोड्या किंवा एकाएकी बंद झाल्या, तर कोठेतरी तफावत आहे.

आहाराचा मोठा भाग गवताचाच हवा. वाळलेले स्वच्छ गवत चोवीस तास उपलब्ध असावे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळण्यानेच ते झिजतात. ताजी हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोड्या प्रमाणात द्यावा. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक. प्रौढ सशाला त्यातील कॅल्शियम अधिक होते. चित्रांतला ससा गाजर खातो, पण गाजरात साखर पुष्कळ. ते खाऊ म्हणून तुकडाभरच द्यावे. पोळी, भात, बिस्किटे, कांदा, लसूण, बटाटा आणि चॉकलेट वर्ज्य. कुत्र्या-मांजरांचे खाद्य सशाच्या तोंडी लागणार नाही, असे त्यांचे भांडे ठेवावे. मांजरासाठी आणलेली, भिजल्यावर गोळा होणारी वाळू सशाच्या शौचाच्या पेटीत वापरू नये. ती पोटात गेल्यास आतडे बंद होऊ शकते. वर्तमानपत्र व त्यावर गवत पुरेसे आहे.

औषधांविषयी विशेष सावधगिरी हवी, कारण अनेक प्राण्यांच्या घरात एकाचे औषध दुसऱ्याला देण्याचा मोह होतो. कुत्र्याच्या गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला विषारी आहे. कुत्र्याला ते लावले असल्यास पूर्ण सुकेपर्यंत व त्यानंतरही काही दिवस दोघांना दूर ठेवावे. तसेच अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन वर्गातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त सूक्ष्मजीव नष्ट होऊन तो दगावू शकतो. सशाला पशुवैद्यांच्या सल्ल्याविना कोणतेही औषध देऊ नये.

यासाठी ससा आणण्यापूर्वीच सशांचा अनुभव असलेले पशुवैद्य शोधून ठेवावेत. सर्वच पशुवैद्यांचा या प्राण्याशी नित्य संबंध येत नाही. पशुवैद्यक महाविद्यालये असलेल्या शहरांत चौकशी सोपी जाते : महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ, बाहेर महू, जबलपूर, आणंद, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई इत्यादी.

ऊन हा तिसरा शिकारी

कुत्रा आणि मांजर यांच्याइतकाच आपल्या देशातील उन्हाळा सशाचा वैरी आहे. सशाला घाम येत नाही. त्याचे लांब कान हेच शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे साधन होय. साधारण वीस अंशांच्या आसपासचे तापमान त्याला सुखाचे वाटते आणि तीस अंशांकडे पारा सरकू लागला, की त्रास सुरू होतो. गॅलरीतील पिंजरा म्हणजे दुपारच्या वेळी भट्टीच. फरशीची, हवेशीर, सावलीची खोली त्याला द्यावी. गोठविलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी आणि कान ओल्या हाताने पुसावेत. त्याला पाण्यात मात्र बुडवू नये. त्या धक्क्याने ससा मरू शकतो. घरातील थंड खोली एकच असेल आणि तीत कुत्राही झोपत असेल, तर ही अडचण ससा आणण्यापूर्वीच विचारात घ्यावी.

खर्च आणि बदली

ससा घेताना फारसे पैसे पडत नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी आहे. कर्ज घेताना आपण पहिला हप्ता पाहत नाही, सर्व हप्त्यांची बेरीज पाहतो. येथे मुदत दहा वर्षांची आहे : गवत, पेटी, निर्बीजीकरण, दातांची तपासणी आणि अचानक उद्भवणारे आजार. यासाठी दरमहा छोट्या रकमेची आवर्ती ठेव उघडावी, हे सांगणे आमच्या पेशाला धरून आहे; पण तो केवळ पेशाचा सल्ला नाही. रात्री अकरा वाजता ससा खात नाही असे लक्षात आले, तर ‘उद्या पाहू’ असे म्हणण्याची वेळ येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू.

आपल्यापैकी अनेकांच्या नशिबी दर तीन-चार वर्षांनी बदली असते. नवे गाव, नवे घरमालक, नवे हवामान. अशा वेळी ‘बागेत सोडून देऊ, गवत खाऊन राहील’ हा विचार मनातही आणू नये. पांढरा, माणसाळलेला ससा बागेत एक रात्रही काढेल याची शाश्वती नसते. जेथे जाऊ तेथे त्याला नेता येईल का, या प्रश्नाचे उत्तर आज देता येत नसेल, तर ससा न आणणे हीदेखील एक समंजस निवड आहे. मुलांना त्याचे वाईट वाटेल, पण कारण सांगितले तर ती समजून घेतात. पुष्कळदा मोठ्यांपेक्षा लवकर.

आमच्या घरी पुन्हा ससा आला तो त्या घटनेनंतर आठ वर्षांनी. कुत्रा वार्धक्याने गेला होता आणि घरात एक मांजर होती. एका सहकाऱ्यांची बदली परदेशी झाली आणि त्यांचा तीन वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला, मांजरासह वाढलेला ससा घर शोधत होता. या वेळी निर्णय कन्येने घेतला. तिने तीन रविवार त्यांच्या घरी जाऊन तो कसा वागतो हे पाहिले, पशुवैद्य आधी ठरविले आणि अभ्यासाची खोली त्याला देऊन टाकली. पहिले पंधरा दिवस दार बंद होते, पुढचे तीन आठवडे जाळी होती. सुमारे दोन महिन्यांनी एका दुपारी तिने आम्हांला खुणेनेच बोलाविले. ससा खोलीच्या मध्यभागी कुशीवर आडवा होऊन, पाय लांब पसरून झोपला होता. पळण्याची कोणतीही तयारी न ठेवता ससा असा झोपतो, तो केवळ जेथे त्याला कोणाचे भय वाटत नाही तेथे. मांजर खिडकीत बसून बाहेर पाहत होती.